आजारी कासवाची रोजची सेवा टीव्हीच्या वेळेत कशी बसवायची

आईची सातची मालिका चालू होती, जाहिराती लागल्या म्हणून मी सहज खोक्यात डोकावले तर आमच्या कासवाच्या, गोटूच्या, उजव्या नाकपुडीवर मोहरीएवढा बुडबुडा. श्वास सोडला की फुगायचा, आत घेतला की बसायचा. आई म्हणाली, "अगं, सर्दी झाली असेल, होईल बरा." मलाही तसंच वाटलं. पण त्याआधीचे आठ-दहा दिवस तो दिवसभर एकाच कोपऱ्यात डोळे मिटून पडून असायचा आणि आम्ही सगळे "झोपलाय बिचारा" म्हणून पुढचा एपिसोड लावत होतो, हे मला तो बुडबुडा बघितल्यावर आठवलं.

कासव कण्हत नाही, ओरडत नाही, अंगाशी येऊन बसत नाही. त्याची तब्येत इतकी हळूहळू उतरते की रोज एकाच वेळी त्याच त्याच गोष्टी बघितल्या नाहीत तर आपल्या लक्षातच येत नाही. आमच्या घरात न चुकता रोज एकाच वेळी होणारी गोष्ट म्हणजे टीव्ही. म्हणून मी गोटूचं वजन, अंघोळ, तपासणी, औषध सगळं त्या तासाभराला बांधून टाकलं, आणि टीव्हीचा त्याला त्रास होऊ नये म्हणून आमच्या बघण्याच्या काही सवयी बदलल्या. ते सगळं इथे क्रमाने लिहितेय. हे जमिनीवरच्या कासवांसाठी आहे बरं का, पाण्यातल्या कासवांचं तंत्र वेगळं असतं.

सगळ्यात आधी डॉक्टर

घरची सेवा ही डॉक्टरांच्या औषधाच्या जोडीने करायची असते, त्याऐवजी नाही. आणि सरपटणाऱ्या प्राण्यांचा अनुभव असलेलेच व्हेट शोधा, कारण कुत्र्या-मांजरांना चालणारी औषधं कासवाला चालतीलच असं नाही. आयव्हरमेक्टिन हे जंतांवरचं औषध बाकी बऱ्याच प्राण्यांना सर्रास देतात पण कासवासाठी ते जीवघेणं आहे, त्यामुळे घरातल्या दुसऱ्या प्राण्याचं उरलेलं औषध "थोडंसं देऊन बघू" असं अजिबात करू नका.

त्याच दिवशी निघायचं ते केव्हा: तोंड उघडं ठेवून किंवा मान लांब ताणून श्वास घेतोय, श्वासाला शिट्टीसारखा किंवा टिकटिक आवाज येतोय, मागच्या बाजूने आतला भाग बाहेर आलाय (तो ओल्या स्वच्छ कापडाने झाका, सुकू देऊ नका आणि तसंच घेऊन जा), कवच तडकलंय, कुठून रक्त येतंय, किंवा उचलल्यावर मान-पाय लुळे लोंबतायत. नाक वाहणं, डोळे सुजून बंद होणं, कवच मऊ लागणं किंवा त्याला वास येणं, जागा गरम असूनही चार-पाच दिवस न खाणं, यासाठी एक-दोन दिवसांत वेळ घ्या.

नाकाच्या पाण्याला साधी सर्दी का समजू नये ते सांगते. कासवाला आपल्यासारखं श्वासपटल नसतं, त्यामुळे जोरात खोकून कफ बाहेर टाकणं त्याला जमत नाही, आत साचलेलं आतच राहतं आणि बघता बघता न्यूमोनिया होतो. शिवाय नाक वाहण्यामागे बऱ्याचदा मायकोप्लाझ्मा नावाचा जंतू असतो, तो एका कासवाकडून दुसऱ्याला लागतो. घरात दुसरं कासव असेल तर आजच वेगळं करा, खोली वेगळी, पाण्याची भांडी वेगळी.

जाताना ताजी विष्ठा डबीत घालून न्या, आणि फोनवर श्वासाचा अर्ध्या मिनिटाचा व्हिडिओ काढून ठेवा, कारण टेबलावर ठेवल्यावर कासव मान आत ओढून घेतं आणि डॉक्टरांना काहीच दिसत नाही. आमच्या बाबतीत तो व्हिडिओ खूप कामाला आला.

जात कुठली तेही पक्कं माहीत करून घ्या, तापमान आणि खाणं दोन्ही त्यावर ठरतं. स्टार कासव २०१९ पासून साइट्सच्या (वन्य प्राण्यांच्या व्यापारावरचा आंतरराष्ट्रीय करार) परिशिष्ट १ मध्ये, म्हणजे सगळ्यात कडक यादीत आहे, बऱ्याच देशांत काही जाती घरात ठेवायला बंदी आहे किंवा परवाना लागतो. पण कागदांच्या भीतीने आजारी जीव लपवून ठेवू नका आणि बाहेर नेऊन सोडूनही देऊ नका, त्याचा रोग रानातल्या कासवांना लागू शकतो.

खोकं कुठे ठेवायचं

आजारी कासव डोळ्यांसमोर असावं म्हणून लोक खोकं टीव्हीच्या खोलीत आणतात, मीही आणलं, त्यात चूक काही नाही. फक्त टीव्हीच्या स्टँडवर, कपाटावर किंवा स्पीकरच्या शेजारी ठेवू नका. कासवाला बारीक किनऱ्या आवाजापेक्षा खालच्या पट्टीतले आवाज जास्त ऐकू येतात आणि जमिनीतून, लाकडातून येणारा हादरा तर त्याला अंगभर जाणवतो. म्हणजे आपल्याला जो वूफर सोफ्यावर बसून भारी वाटतो तोच त्याला सगळ्यात जास्त छळतो. तुमचा हात खोक्याच्या तळाशी ठेवा आणि मारामारीचा सीन लावा, हाताला थरथर जाणवली तर जागा बदला. मी खोकं समोरच्या भिंतीला, जाड घडी केलेल्या सतरंजीवर ठेवलं आणि वूफर तीन महिने बंद ठेवला.

"त्याला टीव्ही बघायला आवडतो" असं कोणी म्हणालं तर मी आता अडवते. कासवांना रंग छान दिसतात, स्क्रीनवरचं त्यांना कळतंही, लाल पायांच्या कासवांना टचस्क्रीनवर नाकाने टोचून खाऊ मिळवायला शिकवलेलं आहे. पण आजारी कासव स्क्रीनकडे तोंड करून बसलं म्हणजे ते रमलंय असं नाही. बऱ्याचदा हलणाऱ्या उजेडाकडे सावधपणे बघत असतं, आणि त्या वेळी त्याला विश्रांती हवी असते. म्हणून टीव्हीकडची बाजू पुठ्ठा लावून झाकून टाका.

खोकं म्हणजे मोठा प्लास्टिकचा टब चालतो. आजारपणात माती, भुसा काढून टाका आणि कागद किंवा टॉवेल घाला, रोज बदला. धूळ नाकात जात नाही आणि शी-शू केली का, कशी केली, ते लगेच दिसतं. लपायला एक छोटा आडोसा ठेवा.

आता तापमान, आणि इथे कंजुषी नको. कासवाचं रक्त बाहेरच्या उबेवर चालतं, ऊब नसेल तर पचन थांबतं, शरीराची झुंजायची ताकद कमी होते आणि महागातलं औषधही नीट काम करत नाही. भूमध्य समुद्राकडच्या जातींसाठी दिव्याखाली ३२ ते ३५ अंश सेल्सिअस, दुसऱ्या टोकाला साधारण २२ ते २५. तब्येत चांगली असताना रात्री गारवा चालतो पण आजारात, विशेषतः छातीच्या, रात्रीही २४-२५च्या खाली जाऊ देऊ नका, तुमच्या जातीचा नेमका आकडा डॉक्टरांकडून घ्या. रात्रीसाठी उजेड न देणारा सिरॅमिक हीटर आणि त्याला थर्मोस्टॅट, म्हणजे ठरवलेल्या तापमानाला आपोआप चालू-बंद करणारं यंत्र. थर्मामीटर दोन हवेत, गरम टोकाला एक, गार टोकाला एक, आणि ते कासवाच्या पाठीच्या उंचीवर लावायचे, वर भिंतीवर लावलेला काही उपयोगाचा नाही.

दिव्याचं आणि टीव्हीचं वेळापत्रक

दिवसा बारा तास उजेड, बारा तास अंधार. टायमर लावा, लक्षात ठेवून दिवे लावणं दोन दिवस जमतं, तिसऱ्या दिवशी विसरतं. आमची मालिका सातला, म्हणून टायमर सकाळी नऊ ते रात्री नऊ. हे असं का, तर अंघोळीनंतर ओलं कासव पुन्हा ऊबेत निदान तासभर बसायला हवं, आठला दिवे बंद झाले असते तर अंग ओलं आणि वर गारवा. तुम्ही बघता तो कार्यक्रम रात्री दहाचा असेल तर अंघोळ त्या वेळी नकोच, सकाळच्या बातम्यांच्या वेळेला घाला, काही डॉक्टर तर सकाळचीच सांगतात आणि ती चांगलीच.

यूव्हीबी (उन्हात असतात तसे अतिनील किरण देणारा) दिवा वेगळा लागतो, त्याशिवाय अन्नातलं कॅल्शियम अंगी लागत नाही आणि कवच, हाडं मऊ पडतात. काचेतून यूव्हीबी जवळजवळ येतच नाही, त्यामुळे बंद खिडकीतल्या उन्हाने फक्त ऊब मिळते. आणि दिवा डोळ्यांना लखलखीत दिसत असला तरी सहा महिने ते वर्षभरात त्यातलं यूव्हीबी उतरत जातं, पाकिटावर लिहिलेल्या मुदतीला बदला. गोटूचा दिवा आम्ही दोन वर्षं तसाच ठेवला होता. डॉक्टरांनी पहिला प्रश्न हाच विचारला आणि माझ्याकडे उत्तर नव्हतं.

नऊनंतर टीव्ही बघायचाच असेल तर दुसऱ्या खोलीत किंवा फोनवर हेडफोन लावून. एकच टीव्ही असेल तर ब्राइटनेस कमी करा आणि बाजूचे पुठ्ठे नीट आहेत ना बघा. खोक्यावर चादर टाकू नका, दिवा किंवा हीटर चालू असताना कापड म्हणजे आगीला आमंत्रण, आणि हवा कोंडते ती वेगळीच.

मालिका सुरू व्हायच्या आधी: वजन

टायटल साँग लागलं की मी डिजिटल काटा काढते. ग्रॅममध्ये दाखवणारा हवा. हा काटा फक्त कासवाचा, स्वयंपाकाला वापरायचा नाही. काट्यावर एक वाटी उपडी ठेवून शून्य करायचं आणि कासव त्या वाटीवर ठेवायचं, पाय हवेत राहतात म्हणून चालत सुटत नाही. रोज अंघोळीच्या आधी, कारण पाण्यात शू केली की वजन एका झटक्यात बरंच उतरतं आणि उगाच घाबरायला होतं.

एका दिवसाच्या आकड्याने घाबरू नका, आठवड्याची दिशा बघा. पण ८०० ग्रॅमचं कासव काही आठवड्यांत ७२० वर आलं, म्हणजे दहा टक्के गेले, तर अपॉइंटमेंटची वाट न बघता डॉक्टरांना फोन करा. आणि वजन एकाएकी वाढलं, पाय-मान फुगल्यासारखे दिसले, तर तेही चांगलं लक्षण नाही, अंगात पाणी साठत असू शकतं.

पहिला भाग ते दुसरा ब्रेक: कोमट पाणी

घरच्या घरी करता येण्यासारखं सगळ्यात मोलाचं काम हेच. आजारी कासव स्वतःहून पाणी पीत नाही, वाळत जातं आणि मूत्रपिंडांवर ताण येतो. २८ ते ३० अंशांचं पाणी, मनगटाला जेमतेम कोमट लागेल असं. खोली किती, तर वरच्या आणि खालच्या कवचाचा सांधा बुडेल इतकी, डोकं खाली टेकवलं तरी नाक पाण्यावर राहिलं पाहिजे. टब पारदर्शक नको, बाहेरचं दिसलं की ते भिंतीला नखं घासत बसतं. वेळ १५ ते २० मिनिटं. मधे पाणी गार झालं तर कासव बाजूला घेऊन नवीन कोमट पाणी भरा.

टब सोफ्यासमोर, माझ्या पायांशी. टीव्हीकडे कान आणि टबाकडे डोळे. अशक्त कासव दोन इंच पाण्यातही बुडू शकतं, त्यामुळे चहा ठेवायला उठायचं असेल तर कासव बाहेर काढून उठा. आणि ओटीटीवर बघत असाल तर पुढचा एपिसोड आपोआप सुरू व्हायची सेटिंग बंद करा, फोनवर २० मिनिटांचा अलार्म लावा. गोष्ट रंगात आली की वीस मिनिटांची चाळीस कधी होतात कळत नाही आणि तोवर पाणी थंडगार झालेलं असतं.

पाण्यात बसल्यावर नीट बघितलंत तर दिसेल, आधी नुसतं बसून राहतं, मग हळूच मान खाली जाते, नाक पाण्यात बुडतं, आणि गळ्याखालची सुरकुतलेली कातडी लयीत हलायला लागते. ते पाणी पिणं. गोटू चौथ्या दिवशी प्यायला. पहिले तीन दिवस काही नाही, चौथ्या दिवशी गळा हलायला लागला तेव्हा आईने आपणहून रिमोट घेतला आणि आवाज बंद केला, आम्ही दोघी तो थांबेपर्यंत श्वास रोखून बघत होतो.

पाण्यात शू बरोबर पांढरं काही येईल, ते युरेट. मऊ, पातळ दह्यासारखं असेल तर ठीक. खडूसारखं घट्ट किंवा बोटांत वाळूसारखं कचकचणारं असेल तर पाणी कमी पडतंय, आणि असंच चालू राहिलं तर मूतखडा होऊ शकतो, डॉक्टरांना कळवा. चमच्याने, ड्रॉपरने तोंडात पाणी मात्र ओतू नका, श्वासनलिकेत गेलं तर आहे त्यापेक्षा मोठं दुखणं.

मग मऊ कापडाने पुसायचं, पायांच्या बेचक्यासुद्धा, आणि परत दिव्याखाली.

ब्रेकमधली तपासणी आणि एक मिनिट म्यूट

जाहिराती लागल्या की टीव्ही म्यूट करा आणि कासवाचं तोंड कानाजवळ धरून एक मिनिट नुसतं ऐका. श्वास घेताना पुढचे पाय किंचित आत-बाहेर होतात ते नॉर्मल आहे, पण पाय भात्यासारखे जोरात हलत असतील, मान प्रत्येक श्वासाला पुढे येत असेल, कुंईकुंई किंवा टिकटिक ऐकू येत असेल तर लिहून ठेवा, व्हिडिओ काढा. टीव्हीच्या आवाजात हे कधीच ऐकू येत नाही, इतकं बारीक असतं.

मग नाक कोरडं आहे का, दोन्ही नाकपुड्या मोकळ्या आहेत का, डोळे पूर्ण उघडतायत का, सुजलेत का. तोंड आपणहून उघडलं तर आत बघा, गुलाबी असावं, पिवळट पनीरसारखे कण दिसले तर तोंड सडायला लागलंय. बळजबरीने जबडा उघडू नका, चोच तडकते. कानाजवळचा भाग एका बाजूला फुगलेला असेल तर तिथे गळू असू शकतं. डोळे सुजले म्हणून आपल्याच मनाने अ जीवनसत्त्वाचं इंजेक्शन देऊ नका किंवा द्यायला लावू नका, जास्त झालं तर कासवाची कातडी सोलून निघते.

औषध

औषधाची वेळ मालिकेनंतर ठेवली तर ते सहसा चुकत नाही. कासवाची इंजेक्शनं बहुधा पुढच्या पायात देतात, कारण मागच्या भागातलं रक्त आधी मूत्रपिंडांतून जाऊ शकतं. डॉक्टरांकडून हाताला हात लावून शिकून घ्या, व्हिडिओ बघून नको. काही प्रतिजैविकं रोज नसतात, दर ७२ तासांनी असतात, आणि इथेच घोळ होतो, म्हणून मी टीव्हीशेजारच्या कॅलेंडरवर औषधाच्या दिवशी लाल गोल करून ठेवले होते. चिन्हं गेली तरी कोर्स पूर्ण करा, डोस स्वतः वाढवू-कमी करू नका. डोळ्यांचे थेंब घालायचे तर मान बाहेर यायची वाट बघा. पहिल्या आठवड्यात मला दहा-दहा मिनिटं लागायची, नंतर तो ओळखायला लागला आणि मी दोन वेळा टोपणाचा आवाज केला की मान अजूनच आत. मग मी टोपण आधीच काढून ठेवायला लागले.

खाणं टीव्हीच्या वेळेत नको

ही एकच गोष्ट मी संध्याकाळच्या तासातून मुद्दाम बाहेर ठेवली. कासव अंग तापल्यावर खातं, दिवे लागल्यावर तास-दोन तासांनी. रात्री पोटात गेलेलं पचायला ऊब मिळत नाही. शिवाय आपण टीव्हीसमोर काही खात असलो की लहान मुलं "त्यालाही देऊ" म्हणतात, आणि पाव, बिस्किट, दूध, चीज, कुत्र्या-मांजराचं खाणं यातलं काहीही कासवाचं नाही.

क्रम लक्षात ठेवा: आधी ऊब, मग पाणी, मग अन्न. थंड आणि वाळलेल्या कासवाच्या पोटात अन्न घालून उपयोग नसतो, उलट त्रास होतो. बहुतेक गवत-पाल्यावर जगणाऱ्या जातींना तंतुमय रानपाला, फुलं, कोवळं गवत. फळं फक्त ज्या जातींना चालतात त्यांनाच. आजारात भूक चाळवायची तर लाल-पिवळी फुलं समोर ठेवा, रंगाकडे ओढ असते, आणि पाला थोडा चुरगळून वास येऊ द्या. तरीही आठवडाभर तोंड लावलं नाही तर डॉक्टर नळीने खाऊ घालायचा निर्णय घेतात, काही वेळा मानेत छोटी नळी बसवतात आणि ती आठवडेच्या आठवडे राहते. ऐकायला भीती वाटते पण रोज जबरदस्तीने तोंड उघडण्यापेक्षा कासवाला ते कमी त्रासाचं.

हाताने भरवायला कंटाळू नका. सेंट हेलेना बेटावरचा जोनाथन साधारण १८३२ सालचा, जगातलं सगळ्यात म्हातारं कासव. मोतीबिंदूमुळे दिसत नाही, वासही येत नाही, गवत समजून माती-काटक्या चावायचा आणि खंगत चालला होता. डॉक्टरांनी आठवड्यातून एकदा हाताने पौष्टिक खाणं भरवायला सुरुवात केली आणि बोथट झालेली त्याची चोच पुन्हा धारदार झाली. गोटूला भरवताना मला तो फार आठवायचा.

हात आणि रिमोट

कासव ठणठणीत दिसलं तरी त्याच्या अंगावर साल्मोनेला, म्हणजे माणसाला जुलाब-ताप आणणारा जंतू, असू शकतो. कासवाला हात लावला की साबणाने हात धुवा आणि मगच रिमोटला हात लावा, हे मी सगळ्यांना सांगते कारण रिमोट घरातला प्रत्येक जण हाताळतो आणि तोच हात तोंडात जातो. टब स्वयंपाकघराच्या सिंकमध्ये धुवायचा नाही, पाणी टॉयलेटमध्ये ओता. कासव सोफ्यावर, मांडीवर घेऊन टीव्ही बघायचा नाही, ते पडतंही. पाच वर्षांखालच्या मुलांनी, गरोदर बाईने, म्हाताऱ्या किंवा आधीच आजारी माणसाने ही सेवा दुसऱ्याकडे द्यावी.

मॅचच्या दिवशी घरात दहा माणसं, उड्या, आरडाओरडा. त्या दिवशी दुपारीच खोकं आतल्या खोलीत नेऊन तापमान स्थिर करून ठेवा, ऐन गोंधळात हलवू नका. उरलेल्या दिवशी आम्ही आवाज कमी करून सबटायटल लावतो, आईला सुरुवातीला वैताग आला, आता तिला तेच बरं वाटतं.

वही

तारीख, वजन, दोन्ही टोकांचं तापमान, पाणी प्यायला का, युरेट कसं, नाक, खाणं, औषध. एका ओळीत मावतं आणि शेवटच्या ब्रेकमध्ये लिहून होतं. फॉलोअपला डॉक्टरांना "बरा वाटतोय" सांगण्यापेक्षा वही पुढे करा.

आणि धीर धरा, कासव आठवड्यांच्या नाही, महिन्यांच्या हिशोबाने बरं होतं. गोटूचं नाक तिसऱ्या आठवड्यात कोरडं झालं, पण आपणहून खाणं सुरू व्हायला सहावा आठवडा उजाडला. ज्या जाती शीतनिद्रा घेतात त्यांना आजारी असताना किंवा नुकतं बरं झाल्यावर त्या वर्षी झोपवू नका, दिवे आणि ऊब चालू ठेवून जागं ठेवा, अशक्त कासव झोपेतून उठत नाही. औषध संपल्यावर रोजचं वजन आठवड्यातून एकदा केलं तरी चालतं, कोमट पाणी आठवड्यातून दोन-तीनदा. म्यूटचं ते एक मिनिट मात्र आम्ही अजून रोज पाळतो, पहिल्या ब्रेकला, आई आता माझ्याआधी रिमोट उचलते.